वडिलांचा रविवार

मराठी वाङ्मयाने मातेच्या वात्सल्याचे ऋण मुक्तकंठाने मानले आहे. कवी यशवंत आणि माधव जूलियन यांच्या आईविषयीच्या कविता शाळाशाळांतून पाठ झाल्या; १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले आणि ते पुस्तक वाचून डोळे ओले झाले नाहीत असे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल. त्याच पुस्तकात श्यामचे वडीलही आहेत. खोताच्या घराण्यात जन्मलेला, कर्जाने खचलेला, अब्रूच्या धास्तीने आतल्या आत झिजणारा तो गृहस्थ कथेच्या कडेकडेने वावरतो, आणि वाचक त्याच्याकडे करुणेने पाहतो खरा, परंतु पुस्तक मिटल्यावर मनात राहते ती आईच. ज्या समाजात घराचे सारे दप्तर, देवघर आणि देणेघेणे पुरुषाच्या नावावर होते, त्या समाजात लहान मुलाच्या सहवासाच्या बाबतीत तोच पुरुष इतका परका कसा राहिला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचे उत्तर केवळ स्वभावाच्या रूक्षपणात शोधणे मला त्या पिढ्यांवर अन्याय करणारे वाटते.

एकत्र कुटुंबाच्या वाड्यात जागांची वाटणी असे. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचे, आणि मूल दोहोंच्या मध्ये रांगणारे. ज्या तरुण पुरुषाला मूल झाले, तो स्वतः त्या घरात अजून कोणाचा तरी मुलगाच असे. त्याचे वडील, चुलते, थोरले भाऊ ओसरीवर बसलेले असताना त्याने आपले मूल उचलून कडेवर घेणे, त्याचा मुका घेणे किंवा त्याच्या रडण्याने कासावीस होऊन आत धावणे हे मर्यादेला सोडून मानले जाई. भावाच्या मुलाला मात्र तो खुशाल खांद्यावर बसवी, त्याच्यासाठी बाजारातून खाऊ आणी. कारण पुतण्यावरचे प्रेम हे कुटुंबावरचे प्रेम होते आणि स्वतःच्या मुलावरचे प्रेम हा आपपरभाव. अशा रीतीने प्रत्येक मुलाला काकाचे लाड मिळत आणि वडिलांचा धाक मिळे. मूल वडिलांना हाकही मारी ती काका-आत्या मारीत तीच: दादा, नाना, अण्णा, तात्या, भाऊ.

संस्कारांचा क्रम पाहिला म्हणजे ही वाटणी किती काटेकोर होती हे ध्यानात येते. बारशाला नाव ठेवायचे ते आत्याने. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा, जावळ काढायचे तेही मामाच्या मांडीवर. पित्याचा भाग मंत्राचा, संकल्पाचा आणि दक्षिणेचा. ज्या घरांत मुंज होई तेथे मातृभोजनाच्या वेळी आई मुलाला मांडीशी घेऊन जेवत असताना साऱ्या बायकांचे डोळे भरून येत, आणि वडिलांची पाळी त्यानंतर येई: एका वस्त्राखाली डोके घेऊन त्यांनी बटूच्या कानात गायत्रीचा उपदेश करायचा. मला अनेकदा वाटते की, कित्येक मुलांच्या आयुष्यात वडिलांचा चेहरा इतक्या जवळून पाहण्याचा, त्यांचा श्वास कानाशी जाणवण्याचा तो पहिलाच प्रसंग असला पाहिजे. धर्मशास्त्राने त्याला काहीही अर्थ दिला असो, पित्यापुत्रांपुरता त्याचा अर्थ याहूनही निराळा असणार.

लोकरूढी मात्र माणसाच्या अंतःकरणाला सर्वस्वी कोंडून ठेवीत नाही. ती एक दार लावते तशी दुसरे किलकिले ठेवते, आणि शिक्षण हे वडिलांसाठी असे दार होते. स्लेटीची पाटी सर्वत्र होण्यापूर्वी धुळपाटीवर पसरलेल्या धुळीत मुलाचे बोट धरून अक्षर गिरवून घेणे, बोरूला टोक करून मोडीचा कित्ता घालून देणे, आणि तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्यावर परवचा म्हणवून घेणे, ही कामे वडीलधाऱ्या पुरुषांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी, औटकी हा पाढ्यांचा सारा परिवार, आणि त्याला जोडून स्तोत्रे. यांत व्यवहार होता यात संशय नाही, कारण ज्या मुलाला पुढे कारकुनी करायची किंवा पेढीवर बसायचे त्याला हिशेब तोंडी येणे भागच होते. परंतु दिवसभर न बोललेले वडील त्या घटकेला मुलाच्या समोर मांडी घालून बसत, चुकले तर दरडावीत, बरोबर आले तर पाठीवरून हात फिरवीत, आणि या हात फिरवण्याला कोणाचाही आक्षेप नसे. उन्हाळ्यात विहिरीवरची शिकवणूकही याच जातीची. पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला पाण्यात सोडायचे, आपण खाली पोटाशी हात धरायचा आणि मुलाच्या नकळत तो काढून घ्यायचा. मुलाला विद्या येते आहे एवढे कारण पुरेसे होते; त्या कारणाच्या आडोशाने बाप मुलाशी तासभर खेळून घेई.

हे सारे वर्णन पांढरपेशा, वतनदार किंवा पुरोहिताच्या घरांना अधिक लागू पडते. कुणब्याच्या घरी ओसरी आणि माजघर यांच्यात एवढी भिंतच नव्हती, कारण कामाचे ठिकाण मोकळे शिवार होते आणि आई निंदणीला गेली की मूल बापाच्या आसपासच राही. मोटेवर बैल धावेवरून उतरू लागले की मोटकरी ताणलेल्या नाड्यावर बसून आपला भार देई, आणि जरा जाणत्या झालेल्या पोरालाही त्या नाड्यावर पुढ्यात बसायला मिळे. मोट थारोळ्यात रिकामी होताना होणारा पाण्याचा आवाज आणि बापाचे मोटेवरचे गाणे ही त्या पोराची करमणूक. पोळ्याला किंवा बेंदराला ओल्या मातीचे बैल करून द्यायचे, विदर्भात दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी सुताराकडून चाकांचा लाकडी बैल करून घ्यायचा, रांगते मूल उभे राहू लागले की त्याच सुताराला पांगुळगाडा सांगायचा आणि त्याचे मोल बलुत्याच्या धान्यातच वळते करायचे, हा खेळण्यांचा व्यवहार. जत्रेत पालखी दिसावी म्हणून मुलाला खांद्यावर घेण्यात तर कोणत्याच जातीच्या पुरुषाला कधी संकोच वाटला नाही, कारण देवदर्शनाच्या वेळी वडीलधाऱ्यांची नजरही देवाकडेच असे.

पांढरपेशा घरांतील या दुराव्याचा परिणाम मूल मोठे झाल्यावरही पुसला जात नसे. न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता म्हणून नावाजलेला हा एकतीस वर्षांचा विद्वान, वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाला. ती मुलगी म्हणजे रमाबाई; त्यांनीच १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्या घरातील पितापुत्रांच्या अदबीचे चित्र रेखाटले आहे. ज्याच्याशी लहानपणी कधी मोकळेपणाने बोललो नाही, त्याच्याशी मोठेपणी वाद घालण्याची भाषा माणसाला कोठून सापडणार?

परंतु याच कालखंडात एक असाही पिता होऊन गेला, ज्याचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने मी सर्वांत मोलाचे मानतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले, कबीरपंथी वृत्तीचे गृहस्थ. पत्नी भीमाबाई लवकर निवर्तल्या आणि लहान मुले आत्याच्या आधाराने वाढू लागली. रात्री मुलांना एकत्र बसवून संतांचे अभंग आणि कबिराची पदे म्हणवून घ्यायची, त्यात बहिणींनीही भाग घ्यायचा, हा त्या घराचा नियम होता, आणि त्यांचे पुत्र भीमराव, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर, यांनी त्याची आठवण उत्तरायुष्यातही कृतज्ञतेने सांगितली आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करीत होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास काढला होता. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. नवे अंगरखे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात नऊ वर्षांचा भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून आगगाडीने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. मुलांच्या येण्याचा निरोप नोकराने वडिलांना दिला नव्हता, त्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवानांनी दुप्पट भाड्यानेही गाडी हाकण्याचे नाकारले. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे असे ठरले, आणि पाण्याच्या घोटावाचून रात्र काढून ती मुले दुसऱ्या दिवशी वडिलांपर्यंत पोहोचली.

या प्रसंगाचा उल्लेख अस्पृश्यतेच्या इतिहासात नेहमी होतो आणि तो झालाच पाहिजे. पण मी जेव्हा जेव्हा तो वाचतो, तेव्हा त्यामागची दुसरी गोष्टही मला तितकीच जाणवते: परगावी नोकरी करणारा एक बाप सुटीसाठी मुलांना बोलावतो आणि मुले नवे कपडे घालून, पहिल्या रेल्वेप्रवासाच्या आनंदात वडिलांच्या भेटीला निघतात. जातिव्यवस्थेने त्या दिवशी मुलांचा पाण्याचा अधिकार नाकारला. त्याचबरोबर वडिलांकडे सुटीला जाण्याचे त्यांचे निर्मळ सुखही हिरावून घेतले. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत हेच रामजी मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या दारी जाऊन तिचा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून आणीत. एकत्र कुटुंबाच्या ओसरीवरून मुलाकडे पाहणारा पिता आणि चाळीच्या एकाच खोलीत मुलासाठी झोपमोड करणारा हा पिता, या दोघांच्या प्रेमात कमीअधिक काय होते हे कोण ठरवणार. त्यांच्या सहवासात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

चाळीच्या खोलीत वडीलधाऱ्यांची नजर नव्हती, हा एक भाग. दुसरा भाग वेळेचा, आणि त्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांशी निगडित आहे. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या तीन दशकांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभे राहणारा एक नवाच वर्ग जन्माला आला. शेतात राबणाऱ्या बापाचे मूल बांधावर असे. गिरणीतल्या बापाचे मूल निजलेले असतानाच तो जाई आणि परतल्यावर ते पुन्हा निजलेलेच असे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनी या कामगारांच्या वतीने आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी देवदर्शन आणि घरकाम करण्यास मोकळीक हवी, ही भूमिका साऱ्यांना समजणारी होती. एप्रिल १८९० मध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या या कार्याचा गौरव कामगार चळवळीच्या इतिहासात केला जातो. महाराष्ट्रातील बालपणाच्या इतिहासातही त्यांचे नाव आदराने घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

त्या रविवारी मुलाला घेऊन जाण्यासाठी शहरात एक स्थळ आधीच तयार होते. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून खुली होती, शेजारचे संग्रहालय १८७२ मध्ये उघडले, आणि पुढे प्राण्यांचे पिंजरे आले. परळ-लालबागहून पायी जाता येण्याइतके ते अंतर. घारापुरीच्या बेटावरचा दगडी हत्ती १८६४ मध्ये हलवताना भंगला होता. १९१४ मध्ये सांधून उभा केलेला तो हत्ती संग्रहालयाजवळ पाहायचा, मग खरा हत्ती पाहायचा, वाघाच्या पिंजऱ्यापुढे बापाच्या पायांना मिठी मारून उभे राहायचे आणि दिवेलागणीला खारे शेंगदाणे खात परत यायचे, हा कार्यक्रम मुंबईकर मराठी कुटुंबांच्या किती पिढ्यांनी केला असेल! येथे शिकवण्याचे निमित्त नव्हते, व्रत नव्हते, संस्कार नव्हता. बाप मुलाला केवळ हिंडवण्यासाठी बाहेर नेत होता आणि चारचौघांत त्याला कडेवर घेऊन चालत होता. गावच्या ओसरीवर जे अशोभनीय ठरले असते ते येथे हजारो अनोळखी माणसांच्या गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नव्हते.

पुण्याच्या कारकुनी आणि मास्तरी करणाऱ्या वस्तीत हाच बदल निराळ्या वाटेने आला. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांना रविवारची सुटी पूर्वीपासूनच होती. नोकरीच्या गावी केलेल्या स्वतंत्र बिऱ्हाडाने तीत मोकळेपणाची भर घातली. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निघत होते, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केले, आणि टपालाने आलेला अंक वडिलांनी मोठ्याने वाचायचा व मुलांनी भोवती बसून ऐकायचा ही प्रथा परवचेच्या शेजारी रुजली. दिवाळीचा किल्ला हेही पितापुत्रांचे सामाईक काम झाले. दगडविटांवर मातीत बुडवलेले तरट पसरायचे, बुरूज आणि पायऱ्या ओल्या हाताने घडवायच्या, तटाच्या उतारावर अळीव पेरायचे, आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे पहाऱ्यावर उभे करून माथ्यावर शिवाजी महाराजांना बसवायचे. मुलाला राजगड आणि रायगड यांतला फरक सांगता सांगता एखाद्या हिशेबनीस गृहस्थाचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले असत, आणि पत्नीने जेवायला हाक मारली तरी दोघांपैकी एकालाही ती ऐकू येत नसे.

आतापर्यंत 'मुलगा' हाच शब्द पुनःपुन्हा आला, आणि त्याचे कारण खेदजनक असले तरी उघड आहे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला वडिलांचा सहवास लाभायचा तो केव्हा? सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली लाकडी भातुकली, पोळपाट-लाटणे आणि जाते, तिच्या हाती येई, आणि त्या खेळाचा रंग उडण्यापूर्वीच खऱ्या चुलीपुढे तिला बसावे लागे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलीचे बोट धरून तिला तेथे पोहोचवणाऱ्या पित्याला लोकनिंदेशी सामना करावा लागला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदावर नेले. कायदा मोडणारे पुष्कळ निघाले, तथापि शहरी मध्यमवर्गात लग्नाचे वय तोवर आपोआपच वाढू लागले होते. त्यामुळे पित्याला आपल्या मुलीच्या बालपणाची पाच-सहा वर्षे अधिक मिळाली, आणि या वर्षांत तिच्याशी झालेल्या गप्पांतून, तिला दिलेल्या पुस्तकांतून एक नवेच नाते आकाराला आले. महर्षी कर्व्यांना सारे घर आणि सारी संस्था 'अण्णा' म्हणे; त्याच घरात पुढच्या पिढीला इरावती आणि दिनकर कर्वे यांची मुले आपल्या वडिलांना सरळ 'दिनू' अशी हाक मारीत. एका घराण्याच्या दोन पिढ्यांत झालेले हे स्थित्यंतर सार्वत्रिक नव्हते; ते शक्य झाले, एवढेच माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे.

स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांनाही या नात्याची दखल घ्यावीशी वाटली. मलबार टेकडीवर १९५२ मध्ये कमला नेहरू उद्यान झाले आणि त्यातील म्हातारीच्या बुटावर चढण्यासाठी मुलांची रीघ लागली. पुण्याच्या पेशवे उद्यानात ८ एप्रिल १९५६ रोजी फुलराणी धावू लागली आणि रविवारच्या संध्याकाळी वडिलांनी तिकिटासाठी उभे राहायचे हा पुणेरी दिनक्रमाचा भाग झाला.

मात्र ज्यांच्या चळवळीने रविवार मिळाला, त्या गिरणी कामगारांपैकी फार मोठ्या वर्गाला त्या सुटीत मूल जवळ घेता आले नाही, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला चाकरमानी खाणावळीत जेवे आणि गाळ्यात दहा-वीसजणांबरोबर पथारी टाकी, बायकामुले गावी. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली, त्या दोन सोयींवर कोकणातले पितृत्व चालले. रविवारी लिहिता येणाऱ्या सोबत्याकडून पत्र लिहून घ्यायचे, त्यात शेताची, म्हशीची आणि सावकाराच्या तगाद्याची विचारपूस झाल्यावर शेवटच्या ओळीत पोर बोलू लागले काय हे विचारायचे. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून गणपतीची वाट घाटातून आणि चिखलातून काढावी लागे. बाप घरी पोहोचला की लहानगे त्याला ओळखत नसे आणि आजीच्या लुगड्यामागे दडे. ओळख पटून ते खांद्यावर चढू लागेपर्यंत निघण्याचा दिवस उजाडलेला असे. ती रजा बहुधा बिनपगारी पडे, लांबली तर साच्यावर बदली कामगार उभा राही आणि परतल्यावर मुकादमाची मनधरणी करावी लागे. इतके असूनही फाल्गुन लागला की भाऊच्या धक्क्यावर दक्षिणेकडच्या बोटींसाठी जी गर्दी उसळे, तीत टिनाच्या पेटीत खेळणे आणि नवे झबले घेऊन निघालेले पुरुष शेकड्यांनी असत.